अनुभव धागा: आठवण गेली की माणूस कुणावर विश्वास ठेवतो?

कृष्णाकाठ

काल रात्री लेकीबरोबर एक रहस्यपट बघत होते. बाईला रोज सकाळी उठल्यावर मागचं काही आठवत नाही. शेजारी असलेला माणूस म्हणतो मी तुझा नवरा, आणि ते खरं की खोटं हे ठरवायला तिच्या हाताशी काहीच नाही. लेक म्हणाली, "आई, अशी कुठं आठवण जाते का?" मी उठून स्वयंपाकघरात गेले. कारण जाते. माझ्या डोळ्यांदेखत गेली होती.

२०१४ चा मार्गशीर्ष. सांगलीहून पहाटे नरसोबाच्या वाडीला गेलो होतो, पुतण्या गाडी चालवत होता. कडाक्याची थंडी, कृष्णेच्या पाण्यावर वाफ. ह्यांनी तीन बुड्या मारल्या, वर आले, पंचा पिळला आणि म्हणाले, "आपण इथं कसे आलो?" मला वाटलं चेष्टा चाललीय. म्हटलं, "गाडीनं." पंचा खांद्यावर टाकला, दोन मिनिटं गेली आणि परत, "आपण इथं कसे आलो?" तोच सूर, तशीच मान तिरकी.

स्वतःचं नाव सांगितलं. मी कोण तेही सांगितलं. तोंड वाकडं नाही, जीभ अडखळत नाही. फक्त नवीन काही डोक्यात टिकत नव्हतं आणि मागचं वर्षभर पुसलं गेलं होतं. मग विचारलं, "आण्णा कुठं बसलेत?" आण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते.

मी खरं ते सांगितलं. पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. थोड्या वेळानं गाल ओलेच, आणि परत, "आण्णा कुठं बसलेत?" परत सांगितलं. परत तसंच रडणं, आत्ताच कळल्यासारखं. तिसऱ्यांदा माझी जीभ उचलेना. म्हटलं, "घरी आहेत. पेढे घेऊन या म्हणालेत." लगेच शांत झाले.

मिरजेला दवाखान्यात नेताना गाडीत पुतण्या बोलून गेला, "काका, आजोबा तर..." आणि थांबला. ह्यांनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय एवढं त्यांना कळलं, कोण ते कळेना. माझ्या हातातला हात सोडवून त्यांनी दाराचं हँडल धरलं. मिरज येईपर्यंत धरून होते.

दुपारी दोनपर्यंत सगळं परत आलं. तपासण्यांत काही निघालं नाही. मधले सहा तास मात्र कायमचे गेले. त्या सहा तासांत मी काय बोलले, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

तुमच्या घरी असं काही घडलंय का? लिहा.

जाईचा मांडव

अंगावर काटा आला. ते हँडल.

संत्र्याची फोड

आमच्या आजीचं वेगळं होतं. नागपूरजवळच्या खेड्यातली. शेवटची तीन वर्षं तिले माझे बाबा ओळखू येत नव्हते. म्हणजे चेहरा तोच आहे हे पटायचं तिले. "दिसते तर तसाच, पण हा तो नोहे" म्हणायची. "हा माणूस आमच्या घरी काहून राहून रायला?" असं आईले हळूच विचारायची. रात्री सातबारा लुगड्याच्या ओच्यात बांधून झोपायची, हा नेईल म्हणून. बाबानं दिलेलं जेवण तर शिवायची नाही.

एक दिवस बाबा बाजारातून फोनवर बोलले तर एकदम खूश! "कुठी होता रे इतके दिवस? घरी एक माणूस येऊन बसला आहे, लवकर ये." त्या दिवसापासून बाबा मागच्या खोलीत जाऊन पुढच्या खोलीत फोन लावायचे. "बाई, जेवून घे, त्या माणसाले मीच पाठवलं आहे." मग जेवायची. आपल्याच घरात, भिंतीपलीकडून. फोन ठेवल्यावर बाबा दोन मिनिटं तिथंच बसून रहायचे.

चहा दोन कप

सिनेमा कोणता ते कळलं. शेवट कुणी लिहू नका, माझा अर्धा राहिलाय. बाकी त्या सिनेमांत डोक्यावर दुसरा फटका बसला की सगळं आठवतं, ते खरंच असतं का हो कुणाला माहीत?

रात्रपाळी

नाही. दुसऱ्या फटक्यानं मेंदूला दुसरी इजा होते, एवढंच. मी आयसीयूत स्टाफ आहे. ड्युटीला निघायचंय म्हणून भराभर लिहिते.

कृष्णाकाठ ताई, तुमच्या ह्यांचं झालं त्याला ट्रान्झिएंट ग्लोबल अॅम्नेशिया म्हणतात. बहुतेक पन्नाशीनंतर होतं, काही तास टिकतं, २४ तासांच्या आत उतरतं. थंड पाण्यात बुडी, खूप श्रम, मोठा मानसिक धक्का यानंतर होतं असं पुष्कळदा दिसतं. तोच तोच प्रश्न ही त्याची खूण. पुन्हा होण्याची शक्यता कमी असते. पण हे घरी बसून कुणी ठरवायचं नाही. पक्षाघात, फिट, साखर उतरणं, सगळं आधी बघावं लागतं. तुम्ही तडक मिरज गाठलंत तेच बरोबर केलंत.

संत्र्याची फोड, आजीला होतं त्याला काप्ग्रास म्हणतात. फ्रेंच डॉक्टर काप्ग्रास यांनी १९२३ मध्ये पहिल्यांदा लिहिलं. चेहरा ओळखू येतो, पण त्याबरोबर जी माया दाटून यायला हवी ती येत नाही, मग मन म्हणतं हा तोतया आहे. आवाजाची वाट वेगळी असते, म्हणून काही जणांना फोनवर माणूस पटतो. तुमच्या बाबांनी ते स्वतः शोधून काढलं. मला त्यांना नमस्कार सांगा.

संत्र्याची फोड

सांगतो. आत्ता इथंच बसले आहेत, डोळे पुसून रायले.

एमएच ०८

कशेडी घाट. २००९ चा जुलै. पोलादपूरला वडापाव खाल्ला, चटणी तिखट होती, इथपर्यंत आठवतं. त्यापुढे डायरेक्ट दवाखान्यातला पंखा. मध्ये तीन दिवस गेले होते.

दोघे होतो बाईकवर. मित्राच्या पायाचे दोन तुकडे, माझं डोकं आणि गळपट्टीचं हाड. तो म्हणाला गाडी तू चालवत होतास. मी मानलं. न मानून काय करणार, माझ्याकडे काहीच नव्हतं. त्याच्या पायाचा खर्च केला, गाडी विकली, परत कधी दुचाकीला हात लावला नाही. अजून तो किंचित लंगडतो, आणि तो चालायला लागला की मी दुसरीकडे बघतो.

२०१६ ला घाटाच्या पायथ्याच्या टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्याने ओळखलं. म्हणाला, "वाचलात की तुम्ही! तुम्हाला झोप येत होती, चावी त्या दुसऱ्याकडे दिलीत आणि मागे बसलात. मी बघितलं ना." तेव्हापासून मला माहीत नाही. कुणालाच बोललो नव्हतो. हा धागा वाचला आणि लिहिलं.

जाईचा मांडव

देवा. मित्राला विचारलंस कधी?

एमएच ०८

नाही. विचारलं आणि तो खरं बोलत असला तर? तेवढं एकच माणूस आहे माझं गावात.

फळा आणि खडू

दादा, मी शाळेत मानसशास्त्र शिकवते. १९७४ चा एलिझाबेथ लॉफ्टस यांचा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, 'चक्काचूर झाल्या' तेव्हा किती? दुसऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्यानंतर त्यांच्यातल्या जास्त जणांना फुटलेल्या काचा आठवल्या. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

तेव्हा टपरीवाला सात वर्षांनी सांगतोय, त्याच्यापुढून रोज शेकडो गाड्या जातात. मित्रही त्या वेळी वेदनेत होता. दोघांपैकी कुणीही खोटं न बोलता दोन्ही गोष्टी वेगळ्या असू शकतात. हे मी तुमचं समाधान करायला लिहीत नाही, तसं खरंच घडतं.

चहा दोन कप

कशेडीला आता बोगदा झालाय ना? आम्ही गणपतीला गेलो तेव्हा घाट लागलाच नाही.

एमएच ०८

हो झालाय. मी तरी जुन्या रस्त्यानेच जातो.

परसातली शेवगा

कृष्णाकाठ ताई, वाडीला जाणारच आहोत पुढच्या महिन्यात. कवठाची बर्फी घाटाकडे जाताना चांगली मिळते की बाहेर स्टँडजवळ? सासूबाईंना हवी आहे. विषय सोडून विचारते, माफ करा.

कृष्णाकाठ

माफी कसली. घाटाकडं उतरताना दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, चव घेऊन मगच घ्या. बासुंदीही आणा.

दूरची चिमणी

न्यू जर्सीतून. इथे रात्रीचे दोन वाजलेत, झोप लागत नाही म्हणून लिहितेय.

आई कोथरूडला एकटी. मागच्या उन्हाळ्यात मी रोजच्यासारखा फोन केला तर म्हणाली, "कोण तुम्ही? माझी मुलगी आत्ता झोपली असेल, तिकडे रात्र आहे." आणि खरंच रात्र होती! मी म्हटलं, "आई, मीच." तर म्हणाली, "असंच बोलतात सगळे. मी ओटीपी देणार नाही." मीच तिला महिनाभर घोकून घेतलं होतं, फोनवर कुणावर विश्वास ठेवू नकोस, काही झालं तर सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन कर. व्हिडिओ लावला तर म्हणाली, "आजकाल चेहरेपण खोटे करतात."

पहिली दहा मिनिटं मला तिचं कौतुकच वाटलं, किती सावध राहते म्हणून. मग तिने विचारलं, "बाबा ऑफिसातून आले का?" बाबा जाऊन सहा वर्षं झाली. शेजारच्या काकूंना उठवलं. त्यांच्याबरोबरही जाईना, दाराला आतून साखळी. शेवटी दूधवाल्या दादांनी हाक मारली, "आजी, आज पिशवी एक की दोन?" आणि साखळी निघाली. वीस वर्षांची हाक ती.

सोडियम ११४ निघालं. असायला हवं १३५ च्या वर. बीपीच्या गोळीत लघवी जास्त करणारं औषध होतं, त्यात ऊन, त्यात जेवण कमी. हळूहळू वाढवावं लागतं म्हणाले, एकदम वाढवलं तर मेंदूला धोका. पाचव्या दिवशी स्वतःहून फोन आला, "अगं, तू इतके दिवस फोन का नाही केलास?"

आता आमचा खुणेचा शब्द ठरलाय. तिनेच निवडला. फोन उचलला की आधी तो.

रात्रपाळी

ब्रेकमध्ये आले. हे सगळ्यांनी नीट वाचा. म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक बदललं, ओळखेनासं झालं, संशय घ्यायला लागलं, तर "वय झालं" म्हणून गप्प बसू नका. सोडियम, साखर, लघवीचा संसर्ग, नवीन चालू झालेली गोळी, यांतलं काहीतरी असू शकतं आणि पुष्कळदा ते बरं होतं. हळूहळू वर्षानुवर्षं वाढतो तो स्मृतिभ्रंश वेगळा. त्यातही बी-१२ आणि थायरॉइड एकदा बघून घ्यावंच.

फळा आणि खडू

त्या दूधवाल्याच्या हाकेवरून आठवलं. जिनिव्हाला क्लापारेद म्हणून डॉक्टर होते, त्यांनी १९११ मध्ये लिहून ठेवलंय. त्यांच्या एका बाईंना नवीन काहीच लक्षात राहायचं नाही, डॉक्टर रोज भेटायचे तरी रोज अनोळखी. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून हस्तांदोलन केलं. बाईंना टोचली. नंतर परत हात पुढे केला तर बाईंनी आपला हात मागे घेतला. का, ते सांगता येईना. डॉक्टर आठवत नव्हते, टाचणी आठवत नव्हती, हाताला मात्र माहीत होतं.

आमच्या वर्गात हे सांगितलं की पोरं डॉक्टरवर चिडतात. मीही चिडते.

जाईचा मांडव

म्हणजे उलटही होत असेल ना? चांगलं वागलेलंही हाताला माहीत राहत असेल?

तानपुरा

राहतं. इंग्लंडमधले संगीतज्ञ क्लाइव्ह वेअरिंग. १९८५ मध्ये मेंदूला विषाणूचा संसर्ग झाला, त्यानंतर आठवण काही सेकंदांपुरती. डायरीत सारखं लिहायचे, 'आत्ता मी पहिल्यांदा पूर्ण जागा झालो', आणि आधीची तशीच ओळ खोडून टाकायचे, कारण ती आपण लिहिली हे पटायचं नाही. स्वतःच्या अक्षरावर विश्वास नाही! पण बायको खोलीत आली की दर वेळी वर्षांनी भेटल्यासारखे मिठी मारायचे. पाच मिनिटं बाहेर जाऊन आली तरी. आणि पियानोवर बसवलं की बोटं अडत नव्हती. मी गाणं शिकवतो, मला हे वाचून दोन दिवस काही सुचलं नव्हतं.

परसातली शेवगा

कुकर लावून वाचत बसले, चार शिट्ट्या जास्त झाल्या. लिहीत राहा सगळे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचं वाचलं. आज दुपारी जेवणं झाल्यावर ह्यांना हा धागा वाचून दाखवला. माझं लिहिलेलंही. आवाज मध्ये मध्ये अडकत होता. आण्णांचं आलं तिथं मी थांबले, तर हे म्हणाले, "वाच पुढं."

वाचून झाल्यावर बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग विचारलं, "आण्णा घरी आहेत म्हणालीस, तेव्हा मी काय केलं?"

म्हटलं, "पिशवीतला एक पेढा काढलात. अर्धा खाल्लात आणि अर्धा कागदात बांधून ठेवलात, आण्णांना म्हणून."

"मग त्या पेढ्याचं काय झालं?"

तो मी घरी आल्यावर देवापुढं ठेवला होता. तेही सांगितलं.

संत्र्याची फोड

ताई.

दूरची चिमणी

इथे उजाडलं. आईला फोन लावते.

फळा आणि खडू

एमएच ०८, तुम्ही गप्प झालात. सगळं ठीक?

एमएच ०८

हो. मित्राला मेसेज टाकलाय, रविवारी येतो, बोलायचं आहे म्हणून. विषय लिहिला नाही. त्याने विचारलं, कशाने येतोस? मी म्हटलं एसटीने. तर म्हणतो, स्टँडवर गाडी घेऊन येतो, मागे बस.