डिसेंबरात जमवलेलं ओव्हरक्लॉक पुण्याच्या मे महिन्यात टिकतं का?

कर्वेनगरकर
माझं मत आधीच सांगतो. पुण्यात ज्याच्या खोलीत एसी नाही, त्याने ओव्हरक्लॉक (म्हणजे चिपचा ठरलेल्यापेक्षा वाढवलेला वेग) मे महिन्यातल्या दुपारी तपासावं आणि तेव्हा टिकेल तेवढंच ठेवावं.

माझ्या संगणकात इंटेलचा कोअर आय५-१२६००के प्रोसेसर (मुख्य चिप) आहे, वर एका टॉवरचा हवेचा कूलर. सगळे मोठे कोअर (आतले जास्त ताकदीचे गणनाभाग) एकदम कामाला लागले की तो मुळात ४.५ गिगाहर्ट्झवर चालतो. डिसेंबरात १.३२ व्होल्ट देऊन मी तो ५.० वर नेला. खोली २०°, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा रेंडर (दृश्याचं अंतिम चित्र बनवायचं काम) चालू असताना चिप ८२°. ४० मिनिटांचा रेंडर ३७ मिनिटांत उरकला. मेमध्ये खोली ३७° झाली, तोच रेंडर लावला आणि आकडा १०० ला टेकला. ती या चिपची कमाल मर्यादा, तिथे ती स्वतःच वेग उतरवते. ५.० वरून ४.६, परत ४.९, परत ४.६. वेळ लागला ३९ मिनिटं. पंखा मात्र असा घोंघावत होता की शेजारच्या खोलीतून आईने विचारलं, मिक्सर कोणी लावलाय?

हिशोब बघा. चिपची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग ११ टक्के वाढवला, १.२ व्होल्टचे १.३२ केले, तर वीज ३४ टक्क्यांच्या आसपास वाढते. ती सगळी उष्णता होऊन माझ्याच खोलीत राहते.

पाच_गिगावाला
अजिबात पटलं नाही. के मालिकेची चिप माणूस घेतो ती गुणक (वेग ठरवणारा आकडा) खुला असतो म्हणूनच. तुमचं दुखणं हवेच्या वाटेचं आहे. कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला चिकटवून ठेवलंय ना? पुढची जाळी कधी झाडली होती? आमच्या सिंहगड रस्त्यावर दोन महिन्यांत जाळीवर धुळीचा नमदा बसतो. तापकीर गल्लीतून एक चांगला पंखा आणा, थर्मल पेस्ट (चिप आणि कूलरमधला लेप) बदला, मग बोला. आणि १००° ला वेग उतरणं म्हणजे बिघाड नव्हे, चिप स्वतःला सांभाळते. वर्षातल्या दोन महिन्यांसाठी दहा महिन्यांचा वेग का सोडायचा?

रेंडरवाली_औंध
चिप सांभाळते ती तापमानापासून. हाताने लावलेल्या जास्त व्होल्टेजपासून ती स्वतःला तितकी वाचवत नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीत काय झालं ते आठवा. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होत्या आणि झिजून अस्थिर होत होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोडची (चिपच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. माझं पोट रेंडरवर आहे. रात्री लावलेलं काम पहाटे तीनला कोसळलं तर वाचवलेल्या तीन मिनिटांचं मी काय करू?

पाच_गिगावाला
ताई, तिथे ओव्हरक्लॉक न करणाऱ्यांच्याही चिप गेल्या. तो दोष आमच्या छंदाच्या माथी मारू नका.

रेंडरवाली_औंध
छंदाला नाही, व्होल्टेजला दोष देतेय. तोच वेग कमी व्होल्टला टिकतो का ते आधी बघा. ०.०१ ने उतरवत जा, प्रत्येक पायरीवर तासभर ताण द्या, कोसळलं की दोन पायऱ्या वर या.

कर्वेनगरकर
रविवारी दोघांचंही ऐकलं. जाळी खरंच बुजली होती, ही माझी चूक. नुसती झाडल्यावर १०० चे ९६ झाले. मग ताईंच्या पद्धतीने व्होल्ट उतरवत ४.८ ला १.२४ वर थांबलो. खोली ३६°, चिप ८५°, रेंडर ३८ मिनिटं, वेग एकदाही हलला नाही. ५.० वाल्या मे महिन्यापेक्षा हेच जलद.

तरी पाच गिगा पुसलेलं नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) दोन प्रोफाइल ठेवलीत. दिवाळीनंतर खोली २२° च्या खाली उतरली की ५.० लावेन, आणि महाशिवरात्रीला थंडी शिवशिव म्हणत गेली की पुन्हा ४.८.