मदत हवी आहे: नवा दिवा लावल्यापासून काळुंदर बाहेरच येत नाही

नमस्कार मंडळी,

डिचोलीहून लिहितेय. आमच्या टाकीत दोन वर्षांपासून एकच काळुंदर (खाडीच्या पाण्यातला मासा) आहे. चोडणला मामांच्या मानशीच्या (खाडीचं पाणी शेतात आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या) जाळ्यात ओहोटीला सापडला तेव्हा बोटाएवढा होता, आता माझ्या तळहाताएवढा झालाय. टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण २५० लिटर. पाणी किंचित खारट ठेवते, दर रविवारी पाव भाग बदलते. अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून होणारी, माशाला विषारी द्रव्यं) शून्य.

चवथीच्या आधी घराला रंग काढला, तेव्हाच जुनी ट्यूब काढून पांढरा एलईडी बसवला आणि तळाला पांढरी वाळू घातली. तेव्हापासून दिवा लागला की हा फिल्टरच्या स्पंजामागे घुसतो. अंग काळवंडतं, मोत्यांसारखे ठिपके दिसेनासे होतात. हाच मासा पूर्वी संध्याकाळी काचेला तोंड लावून माझ्या मुलीची वाट बघायचा. ती वाटाणा सोलून धरायची आणि तो तिच्या बोटांतून ओढून न्यायचा. आता ती टाकीसमोर गप्प बसून राहते, वाटाणा तळाशी पडून असतो. रात्री कधीतरी खातो, कारण सकाळी तो तिथे नसतो.

परवा तर फारच वाईट झालं. पावसामुळे वीज सारखी जात-येत होती. अंधारात तो बाहेर आला असणार. वीज आली, दिवा लख्खकन पेटला आणि हा धाडकन काचेवर आपटला. वरच्या ओठाचं तांदळाच्या दाण्याएवढं साल निघालंय.

दिव्याचे तास दहावरून चारवर आणले, फरक नाही. तरंगणारी पिस्टिया (पाणवनस्पती) टाकली, ती खाऱ्या पाण्यात कुजली. सवय होईल म्हणून थांबू, की दिवा काढूनच टाकू? हा घरात आल्यापासून आम्ही काळुंदर तळलेला नाही. त्याचे हाल बघवत नाहीत.

प्रतिसाद १
ताई, थांबू नका. माशाला पापण्या नसतात, आणि अंधारातून उजेडाला जुळवून घ्यायला त्याच्या डोळ्याला अर्धा तासही लागू शकतो. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीच्या) गढूळ पाण्यातला जीव हा, त्याच्यासाठी तुमचा दिवा म्हणजे डोळ्यांवर रोखलेली बॅटरी. आधी खोलीतला दिवा लावा, अर्ध्या तासाने टाकीचा. बंद करताना उलट क्रम. डिमर मिळाला तर उत्तमच, नाहीतर दिवा फूटभर वर टांगा आणि टाकीच्या काचेच्या झाकणावर बटर पेपर पसरा, फक्त तो दिव्याला टेकू देऊ नका. वीज गेली की दिव्याचं बटण लगेच बंद करा. घरी कोणी नसेल तेव्हा दिवा लावूच नका. टाकीत झाडं नसतील तर खिडकीचा उजेड त्याला पुरतो.

ओठाला औषध लावत बसू नका. पाणी स्वच्छ ठेवा, भरून येईल. कापसासारखी बुरशी दिसली तर मात्र लगेच सांगा.

प्रतिसाद २
मला दिव्याइतकीच वाळू खटकते. पांढऱ्या तळावरून उजेड उलटा वर येतो, म्हणजे लपायला खालची बाजूही उरत नाही. नदीची करडी वाळू स्वच्छ धुऊन घाला, पण एका दिवसात सगळी बदलू नका, थोडी थोडी घाला. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून काळा कागद लावा. मातीचं मडकं आडवं ठेवा, तोंड भिंतीकडे. बदामाची झाडावरून गळलेली दोन-तीन सुकी पानं धुऊन टाका, पाण्याला चहासारखा रंग येईल आणि उजेड मऊ होईल.

आणि तो एकटा का? काळुंदर थव्याने राहणारा मासा आहे. इतक्या टाकीत आणखी मोठे काळुंदर मावणार नाहीत, पण पाच-सहा मोली (छोटे शोभेचे मासे) सोडा. खारट पाणी त्यांना मानवतं. त्या वर निवांत फिरताना दिसल्या की खालच्याला कळतं, धोका नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. बटर पेपर आणि काळा कागद त्याच रात्री लावला, अर्धी वाळू बदलून झाली. बदामाची पानं मुलीने मंदिरामागून आणली. आज नववा दिवस. दिवा लागल्यावर तो अजून आत जातो, पण स्पंजामागे नाही, मडक्यात. तोंड भिंतीकडे ठेवल्यामुळे आम्हाला फक्त शेपटी दिसते, आणि तिच्यावरचा काळा रंग उतरलाय. ओठाची कडा गुलाबी झालीये, बुरशी नाही. मोली शनिवारी आणतेय. त्यांना खारट पाण्यात सोडण्याआधी किती वेळ देऊ?