मदत हवी आहे: गुहेत लपून वाचलेल्या ज्यू कुटुंबांबद्दल मुलांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी, मी ८वीला इतिहास शिकवते. २७ जानेवारीला होलोकॉस्ट (नाझींनी केलेलं ज्यूंचं हत्याकांड) स्मृतिदिन असतो, त्या दिवशी वर्गात एस्थर स्टर्मर या बाईंची गोष्ट सांगायचीय. आताच्या पश्चिम युक्रेनमधल्या कोरोलुव्का गावची ही कुटुंबं, १९४२ मध्ये आधी वेर्तेबा गुहेत लपली, तिथे धड पाणी नाही हवा नाही, आणि गेस्टापोने (नाझींच्या गुप्त पोलिसांनी) ती जागा शोधून काढली, काहीजण पकडले गेले. मग मे १९४३ मध्ये बाकीचे दुसऱ्या गुहेत उतरले, प्रीस्ट्स ग्रॉटो म्हणतात तिला, जिप्समची आहे आणि आत पाणी आहे. पुरुष रात्री बाहेर जाऊन धान्य आणि सरपण आणायचे, जात्यावर दळण आतच. बायका-मुलं मात्र ३४४ दिवस बाहेर आलीच नाहीत! एप्रिल १९४४ मध्ये ३८ माणसं जिवंत वर आली. एक लहान मुलगी तर ऊन काय असतं तेच विसरली होती, आईला म्हणाली तो दिवा विझव. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. १३-१४ वर्षांच्या मुलांना पकडलेल्यांचं काय झालं हे कितपत सांगावं, कोणी शिकवलंय का असं? आणि तुमच्यातल्या ट्रेकवाल्यांपैकी कोणी खोल गुहेत पूर्ण अंधारात राहिलं असेल तर प्लीज अनुभव लिहा, तिथली थंडी, ओल, वेळेचं भान जाणं, मुलांना ते नीट समजायला हवं असं फार वाटतं. शुक्रवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल.