कचरा निवडणारी मशीन आपल्या तालुक्याले पाहिजे का नाही?

कापूसकोंड्या: आमच्या ग्रामसभेत विषय निघाला, तालुक्याले कचरा निवडाची मशीन बसवायची म्हणे. पट्ट्यावरून कचरा जाते, वरून कॅमेरा पाह्यते आन हवेच्या फुंकरीनं बाटली एकीकडे, पिशवी एकीकडे. अर्धे लोक हसले. माझं मत, आणा. हसणाऱ्यायनं आमच्या शेडमंदी एक दुपार बसून पाहा. दोन बाया कचरा निवडतात, हातमोजे पहिल्याच महिन्यात फाटले, डायपर, ब्लेड, गुरायच्या इंजेक्शनच्या सुया, सगळं एकाच ढिगात. एकीच्या बोटात सुई घुसली तं हळद लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. हे काम माणसानं काऊन करावं?

पांदणरस्ता: भाऊ, खेड्यात कचरा हाय तरी किती? शिळंपाकं गाईले, शेण-पालापाचोळा उकिरड्यावर, उन्हाळ्यात तोच उकिरडा वावरात. बाटल्या, लोखंड, रद्दी भंगारवाला नेते. उरते काय, तं खर्ऱ्याच्या, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या पन्न्या. पन्न्या मोजाले मशीन आणता काय बे?

कापूसकोंड्या: उकिरडा आठवते तुमाले, नाली नाही आठवत. पहिल्या पावसात काय तुंबते थे पाहा.

फिटर_नागपूर: मी एका प्लांटवर मेंटेनन्सले होतो म्हणून सांगतो. आधी फिरत्या चाळणीतून माती गळते, चुंबक लोखंड ओढते, मंग प्लास्टिकवर इन्फ्रारेड किरण पडते आन कोणतं प्लास्टिक किरण कसे परत फेकते त्यावरून पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, वेगळं, एचडीपीई, म्हणजे जाड डब्यायचं, वेगळं. पण काळं प्लास्टिक तिले सहसा दिसतच नाही, त्यातला कार्बन किरण गिळून टाकते. ओलं, चिखलात माखलेलं असलं तरी गडबडते. आता खर्ऱ्याची पन्नी घ्या. घोटून घोटून चोळामोळा, चुना चिकटलेला, वजन म्हणाल तं काहीच नाही, थे पट्ट्यावरून फुंकरीच्या आधीच उडते. वेफर्सची पुडी तं अजून वेगळी तऱ्हा, प्लास्टिक आन ॲल्युमिनियमचे थर एकमेकाले चिकटलेले, वेगळी काढली तरी घेणारा कोण?

गाववाला_अमरावती: गाडगेबाबाच्या जिल्ह्यात खराटा सोडून मशीन, काय दिवस आले राजेहो.

पांदणरस्ता: दरवेळी खराटा काढू नका ना भाऊ, बाबानं झाडलं तवा डायपर नव्हते.

सदस्या_ताई: पैशाचं पण बोला. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात (२०२० पासून) तालुक्याला एक प्लास्टिक युनिट धरलं होतं, त्याला जास्तीत जास्त १६ लाख. ५००० पर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये, म्हणजे ३००० वस्तीला १ लाख ८० हजार, त्यातच शेड, त्यातच गाडी. १६ लाखात प्लास्टिक तुकडे करायची आन गठ्ठे बांधायची मशीन बसते, कॅमेरावाली विसरा. आन विजेची लाईन? ओलितासाठी लोक रात्री जागतात, आता कचऱ्यासाठीही जागायचं का? त्या दोन बायांची रोजी गेल्यावर कोण देणार तेही सांगा. त्यापेक्षा जाड हातमोजे, चष्मा, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. ओला, सुका, घातक वेगळा द्यायचं २०१६ च्या नियमातच सांगितलं होतं, आमच्या वार्डात मोजून सात घरं देतात.

कापूसकोंड्या: ताई, सात घरं देतात म्हणून तं मशीन म्हणतो! आन रोजीसाठी सुया टोचून घ्या, हा कोणता न्याय?

फिटर_नागपूर: उलटं हाय भाऊ. सात घरं वेगळा देते म्हणून मशीन चालणार नाही. ओल्यासुक्याचा काला तिथं टाकला तं पट्टा दर दोन तासांनी थांबवून चिंध्या आन केसं काढा लागतात, थे काढाले आत माणूसच जाते.

सोयाबीन_२०४: फवारणीच्या डब्यायचं कोणी बोलून नाही राहिलं. २०१७ ले यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं लोक मेले थे आठवते ना? मशीनले डबा एचडीपीई दिसन, आतलं औषध दिसन काय? मंग त्याच्याच पुढं बादल्या होतीन.

कापूसकोंड्या: हे मात्र खरं. आमच्या शेडच्या मागं दोन पोते भरून पडले हायेत, मागच्या खरिपापासून. भंगारवालाही नाही म्हणते.

फिटर_नागपूर: तीनदा धुऊन, भोकं पाडून ठेवले काय?

कापूसकोंड्या: बायायले विचारून सांगतो.