चार मते, चार नगरसेवक: बहुसदस्यीय प्रभाग ठेवावेत की मोडावेत?

कर्वेनगरकर (चर्चाप्रस्ताव)

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातील २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. मुंबईच्या मतदाराने एकच मत दिले, आम्ही पुणेकरांनी मात्र एका प्रभागात चार मते दिली. अ, ब, क आणि ड अशा चार जागा, प्रत्येक जागेची वेगळ्या रंगाची मतपत्रिका, आणि चौथे बटण दाबले जाईपर्यंत यंत्र आवाज करत नाही. तीन बटणे दाबून मतदार बाहेर पडू लागला की केंद्रावरचे कर्मचारी त्याला मागे बोलावतात. घाईत असलेला माणूस मग राहिलेले बटण ज्या चिन्हावर सापडेल त्या चिन्हावर दाबतो.

माझा आक्षेप एवढ्यापुरता नाही. पुण्यात ४१ प्रभागांतून (चाळीस चौघांचे, एक पाच जणांचा) १६५ नगरसेवक निवडले जातात. २०११ च्या लोकसंख्येनुसार एका प्रभागात सरासरी ८० हजारांहून अधिक लोक येतात. ड्रेनेज तुंबले की 'अ'चा नगरसेवक 'क'कडे बोट दाखवतो, रस्ता झाला की चौघांचेही फलक लागतात. अपक्ष किंवा लहान पक्षाच्या उमेदवाराला एवढ्या मोठ्या प्रभागात पायी फिरून प्रचार करणे शक्य नसते. त्यामुळे ज्याच्यामागे पक्षाची यंत्रणा आणि पॅनेलचा, म्हणजे एकत्र लढणाऱ्या चार उमेदवारांचा, खर्च उचलणारा धनिक आहे, तोच टिकतो.

शिवाय ही पद्धत कोणत्याही तत्त्वावर उभी नाही. पुण्यात २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा आणि २०१७ मध्ये चौघांचा. २०१९ च्या अखेरीस नव्या सरकारने एकसदस्यीय पद्धतीचा निर्णय घेतला, २०२१ मध्ये त्याच सरकारने तीनचा केला, आणि २०२२ मध्ये सरकार बदलताच पुन्हा चारचा झाला. मधल्या दोन रचनांवर तर सार्वत्रिक मतदानही झाले नाही. सत्तेत येईल त्याने आपल्या सोयीचा आकडा ठरवायचा असेल, तर मतदाराने उत्तर कोणाला विचारायचे? प्रभाग एकसदस्यीय असावा आणि तो राज्यभर सारखा असावा, एवढीच माझी मागणी आहे.

सिंहगड रस्ता

आकडा वारंवार बदलणे चूक आहे, याबाबत आपले दुमत नाही. पण त्यावरून एकसदस्यीय प्रभाग श्रेष्ठ ठरत नाही. मुंबईत सव्वा कोटींना २२७ नगरसेवक आहेत, म्हणजे एकामागे सुमारे ५५ हजार माणसे, तर पुण्यात हाच हिशोब २१ हजारांच्या आसपास येतो. मुंबईकराला एकच दार ठोठवावे लागते हे खरे. पण त्या दाराआड बसलेला माणूस उद्धट, आजारी किंवा दुसऱ्या गटाचा निघाला, तर पाच वर्षे त्याला पर्याय नसतो. आमच्याकडे एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याकडे जाता येते, आणि निवडून आलेले चौघे एकाच पक्षाचे नसतील तर ते एकमेकांवर लक्षही ठेवतात.

आरक्षणाचा मुद्दा आपण सोडूनच दिलात. महिलांसाठी निम्म्या जागा आणि त्याशिवाय अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गीयांच्या जागा राखीव असताना, एकसदस्यीय प्रभागाचे आरक्षण सोडतीत दर वेळी बदलते. पाच वर्षे चांगले काम केलेल्या नगरसेवकाला सोडतीच्या एका चिठ्ठीमुळे शेजारच्या प्रभागात जावे लागते किंवा घरातल्या कोणाला तरी उभे करावे लागते. ज्याला पुन्हा तिथे उभेच राहता येणार नाही, त्याला मतदार जाब कसा विचारणार? चार जागांच्या प्रभागात त्याला बहुधा एखादी जागा मिळते, आणि मतदाराला त्याला पाडता किंवा निवडता येते.

घाटकोपरकर

सोडतीत बाद झालेल्या नगरसेवकाच्या घरातील महिला प्रभागात उभ्या राहतात, हे आम्ही मुंबईत पाहतो. त्यांतल्या काही पुढे स्वतःच्या बळावर नेतृत्व करतात, हेही पाहतो. पॅनेलमध्ये मात्र तीच महिला पुरुष उमेदवाराच्या फलकावर कोपऱ्यात दिसते.

जुनी नोंदवही

दोन्ही बाजू एका गोष्टीकडे दुर्लक्ष करत आहेत. आजचा प्रभाग नावालाच बहुसदस्यीय आहे. अ, ब, क, ड या चार वेगवेगळ्या निवडणुका आहेत आणि त्यांचे मतदार तेच आहेत, म्हणून ज्या पक्षाला ४० टक्के मते आहेत आणि विरोधक विखुरलेले आहेत, तो चारही जागा नेऊ शकतो. सिंहगड रस्ता म्हणतात तसे परस्परांवर लक्ष ठेवणारे चौघे निवडून येणे हा या रचनेत अपवाद आहे.

मुंबई प्रांतात १९३७ च्या निवडणुकीत बहुसदस्यीय मतदारसंघ होते, पण मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. चार जागांच्या मतदारसंघात एक पंचमांशाहून थोडी अधिक मते असलेला कोणताही गट आपली मते एकवटून एक जागा हमखास मिळवू शकतो. डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्याच निवडणुकीत मुंबईच्या विधानसभेत पोहोचला, आणि १९५५ मध्येही बाबासाहेबांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी हीच पद्धत सुचवली होती. उलट १९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या द्विसदस्यीय लोकसभा मतदारसंघात दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नव्हती, आणि तिथे राखीव जागेवर त्यांचा नारायण काजरोळकरांकडून पराभव झाला. प्रभाग चारचा ठेवायचाच असेल तर मते एकवटू द्या. नाहीतर कर्वेनगरकर म्हणतात तसा एकचा करा. आजची रचना दोन्हींचे दोष घेऊन उभी आहे.

सिंहगड रस्ता

मते एकवटू दिल्यावर आरक्षण कसे बसवणार? अ, ब, क, ड अशी विभागणी काढली, तर जुन्या द्विसदस्यीय मतदारसंघांप्रमाणे राखीव प्रवर्गातील सर्वाधिक मतांचा उमेदवार आधी विजयी घोषित करावा लागेल आणि उरलेल्या जागा मतांच्या क्रमाने द्याव्या लागतील. त्याचे काय झाले ते पाहा. १९५७ मध्ये पार्वतीपुरम मतदारसंघात एकच जागा राखीव असताना दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथेही निकाल त्यांच्या विरोधात लागला, आणि १९६१ मध्ये संसदेने द्विसदस्यीय मतदारसंघच रद्द केले.

जुनी नोंदवही

न्यायालयाने ती पद्धत वैध ठरवली होती. राखीव उमेदवार सर्वसाधारण जागाही जिंकू शकतो, हे काहींना रुचले नाही म्हणून ती गेली. हा त्या पद्धतीचा दोष मानायचा का?

कर्वेनगरकर

मते एकवटण्याची सूचना मला तत्त्वतः पटते, पण ८० हजारांच्या प्रभागात ती लागू केली तर प्रचाराचा खर्च आणि जबाबदारीची टोलवाटोलवी तशीच राहील. ड्रेनेज कोणाचे, या प्रश्नाला तिच्यात उत्तर नाही.

सिंहगड रस्ता

त्याला एकसदस्यीय प्रभागातही उत्तर नाही. ड्रेनेज आयुक्तांच्या अखत्यारीत येते, कारण महापालिका अधिनियमाने कार्यकारी अधिकार त्यांच्याकडे दिले आहेत आणि महापौर अडीच वर्षांत बदलतो. नगरसेवकाच्या हाती 'स' यादीतला, म्हणजे त्याने सुचवलेल्या प्रभागातल्या कामांचा, निधी आणि सभागृहातले एक मत असते. तो एक असो वा चार, आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर त्याला आपल्यासारखेच थांबावे लागते.

घाटकोपरकर

थांबावे लागते हे मान्य. पण आमच्याकडे कोणी थांबायचे, हे तरी ठरलेले असते.