म्यूझस्कोर : क्लॅरिनेटच्या छापील पानावर सूर खाली का जातो? (मदत हवी आहे)

तेरेखोलकाठ (सावंतवाडी)
गणपतीत आमच्या भजनी मंडळाच्या पेटीला क्लॅरिनेट आणि आल्टो सॅक्सोफोनची साथ आहे. गजर म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला असून संगणकावर तो अचूक ऐकू येतो. परंतु छापील पानावरून वाजवताना क्लॅरिनेट पेटीपेक्षा दोन अर्धस्वर खाली लागतो आणि सॅक्सोफोनचा तर मेळच बसत नाही. शिवाय रूपक तालात बीम (स्वरचिन्हांना एकत्र जोडणाऱ्या जाड रेघा) भलत्याच मात्रांवर जोडले जातात. सराव परवा आहे, तेव्हा कोणते सेटिंग बदलायचे तेवढेच सांगावे.

सूरपेटी
पट्टी कोणती? आवृत्ती कोणती? क्लॅरिनेट बी फ्लॅटचा की ए चा? एवढे कळल्याशिवाय खात्रीने काही सांगता येणार नाही.

दर्यावर्दी (देवगड)
लिलीपाँड हे दुसरे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर घ्यावे. त्यात ७/८ (रूपकाच्या सात मात्रांचे तालचिन्ह) लिहितानाच ३, २, २ अशी विभागणी सांगता येते आणि कळफलकावरून टाइप केलेला मजकूर वर्षानुवर्षे तसाच राहतो. मी सगळे लेखन त्यातच करतो.

सूरपेटी
परवा सराव असलेल्या माणसाला नवे सॉफ्टवेअर शिकायला लावणे मला योग्य वाटत नाही. त्यात लिलीपाँडमध्ये स्वरांची नावे मुळात डच पद्धतीची असतात. सी शार्पला ‘सिस’ लिहावे लागते. भाषा बदलता येते, पण तेही आधी ठाऊक हवे.

अष्टागर (रेवदंडा)
मुळात स्टाफ (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) हवाच कशाला? भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ आणि मंद्र सप्तकासाठी खाली बिंदू, एवढ्यात गजर लिहून होतो. पलुस्कर पद्धतीची चिन्हे वेगळी असल्याने दोन्हींची सरमिसळ मात्र करू नये.

तेरेखोलकाठ
आमचे दोन्ही वादक गोव्यात स्टाफवरच शिकले आहेत, त्यामुळे भातखंडे लिपीचा येथे उपयोग नाही. पट्टी काळी एक, म्हणून सी शार्प मेजर निवडला आहे. क्लॅरिनेट बी फ्लॅटचा, आवृत्ती चौथी.

सूरपेटी
आता उलगडा झाला. खिडकीच्या तळाशी असलेले ‘कॉन्सर्ट पिच’ हे बटण चालू असावे. ते चालू असेपर्यंत सर्व वाद्यांना खरा सूरच लिहिला जातो, आणि बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा दोन अर्धस्वर खाली, तर आल्टो सॅक्सोफोन नऊ अर्धस्वर खाली वाजतो. ते बंद केले की हा फरक भरून काढून स्वर लिहिले जातात. म्हणून ते बंद करावे आणि वाद्याचे स्वतंत्र पान उघडून तेथेही तपासावे. सात शार्पांचा सी शार्प मेजर सोडून पाच फ्लॅटांचा डी फ्लॅट मेजर घ्यावा. पेटीवरची पट्टी तीच राहते, क्लॅरिनेटच्या पानावर तीन फ्लॅट येतात आणि आल्टोच्या पानावर दोन.

दर्यावर्दी (देवगड)
पट्टीबद्दल सहमत आहे, पण बीमचा प्रश्न तसाच राहिला.

सूरपेटी
बरोबर. ७/८ या तालचिन्हाच्या गुणधर्मांत बीमचे गट ३, २, २ असे करून घ्यावेत. रूपकात पहिल्या मात्रेवरच ‘खाली’ (टाळी न देण्याची जागा) असते. बीम विभाग ओलांडून गेला, तर वादकाला पुढची टाळी पानावर दिसत नाही.

तेरेखोलकाठ
कॉन्सर्ट पिच चालूच होते. बंद करून पट्टी बदलली, क्लॅरिनेटला तीन फ्लॅट आले आणि पेटीशी सूर जुळला. बीमचे गट बदलून आल्टोचे पान आज रात्री छापतो.