लिफ्ट केलेल्या पिकअपचा मागचा डिफरन्शियल फुटला: नुसता क्राऊन बदलून चालेल का?

मुळशीपार:

नमस्कार मंडळी. डिझेल फोर बाय फोर पिकअप, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). पाटा आणि एक्सलमध्ये ब्लॉक (ठोकळे) टाकून ३ इंच लिफ्ट केली आहे, म्हणजे गाडी तेवढी उचलली आहे, टायर २४५/७० आर १६ काढून २६५/७५ आर १६ घातलेत. ताम्हिणीकडे ओढ्यातून दगडावर चढताना मागून कडकन आवाज झाला, तेव्हापासून चाकाच्या दर फेऱ्याला ठक-ठक. डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल सोडलं तर दुधाच्या चहासारखं, आणि ड्रेन प्लगच्या लोहचुंबकाला दाताचे दोन तुकडे. गॅरेजवाल्याचं म्हणणं, पिनियन (आत जोर आणणारा छोटा गिअर) चांगला दिसतोय, जुन्या बाजारातून फक्त क्राऊन (त्याने फिरणारा मोठा गिअर) आणून बसवतो, एका दिवसात गाडी घेऊन जा. हो म्हणू का? आणि लिफ्टमुळेच फुटला का?

गिअरघर:

हो म्हणू नका. क्राऊन-पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार होतात, दोन्हींवर एकच जोडी-नंबर असतो. दुसऱ्या जोडीतला क्राऊन पहिल्या दिवसापासून रडेल आणि थोड्याच दिवसांत तुमचा पिनियनही खाईल. नवी जोडी घेण्याआधी दात मोजा. क्राऊनचे ४१, पिनियनचे १० म्हणजे रेशो ४.१. पुढच्या एक्सलचा रेशो हाच पाहिजे, नाहीतर फोर-व्हील लावल्यावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारी पेटी) पिळून निघते.

खोलताना प्रोपेलर शाफ्टच्या (ट्रान्सफर केसपासून एक्सलपर्यंतच्या लांब दांड्याच्या) फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या तबकडीवर, आणि दोन्ही बेअरिंग कॅपवर पंचने खुणा करा. कॅप हाउसिंगसोबतच बोअर केलेल्या असतात, डावी-उजवी अदलाबदल झाली की बेअरिंग गेलंच समजा. दाताचा चुरा सगळ्या बेअरिंगमधून फिरलेला असतो, म्हणून पिनियनची दोन, साइडची दोन, सगळी सील आणि क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगमधली दबणारी नळी) नवीन. एक्सलच्या दोन्ही नळ्या डिझेलने धुवून सळईला कापड गुंडाळून आतून पुसा. लोक इथेच आळस करतात, मग राहिलेला एक कण नव्या बेअरिंगमध्ये जाऊन बसतो.

बसवताना पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी), प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरावीक दाब) क्रश स्लीव्हने. नव्या बेअरिंगवर, सील न लावता, पिनियन फिरवायला साधारण १.७ ते २.८ न्यूटन-मीटर लागलं पाहिजे, पण शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. पिनियनचा नट जास्त आवळला गेला तर सैल करून भागत नाही, कारण दबलेली स्लीव्ह परत फुगत नाही. नवीच टाकावी लागते, म्हणून दोन आणून ठेवा. बॅकलॅश (दोन्ही गिअरच्या दातांमधली मोकळीक) डायल गेजने क्राऊनवर चार ठिकाणी मोजा, बहुतेक पिकअपना ०.१३ ते ०.१८ मिमी चालतो. चार मापांत ०.०५ पेक्षा जास्त फरक आला तर क्राऊन वाकडा बसलाय, बोल्ट खोलून बैठक साफ करा.

मग दातांना मार्किंगचा रंग लावून, क्राऊनला हाताने अडवत फिरवा. ठसा दाताच्या टोकाकडे आला तर पिनियन आत घ्या, बुडाशी आला तर बाहेर. ठसा क्राऊनच्या आतल्या कडेला सरकला तर बॅकलॅश वाढवा, बाहेरच्या कडेला असेल तर कमी करा. हे सगळं एका दिवसात घाईने उरकायचं काम नाही.

भोसरी_टर्नर:

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठेत फिरा, पण जुनी जोडी आणि फुटलेले तुकडे सोबत घेऊन जा. बेअरिंगचे नंबर रिंगवर कोरलेले असतात, ते लिहून न्या. जोडी घेताना क्राऊन आणि पिनियनवरचा जोडी-नंबर दुकानातच ताडून बघा. जुळत नसेल तर स्वस्तात मिळाली तरी सोडा.

एक्सल शाफ्टचे स्प्लाइन (टोकावरच्या उभ्या खाचा) सरळपट्टी लावून पाहा. पिळाची वळणं दिसली तर शाफ्ट बाद. स्पायडर गिअरची (डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरची) पिन काढून बोटाने चाचपा, झीज नखाला लागते. चाकं हवेत फिरून अचानक दगडावर पकड घेतात, तो झटका याच पिनवर बसतो.

पाटेवाला:

मोडण्याचं कारण शोधल्याशिवाय नवी जोडी घालू नका, दुधाळ ऑइलच सगळं सांगतंय. गरम हाउसिंग थंड ओढ्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हाउसिंगच्या हवा ये-जा करायच्या भोकातून) पाणी ओढून घेते. लिफ्टनंतर ब्रीदरची मूळ नळी तोकडी पडते, ताण बसला की निप्पलवरून निसटते. पाणी मिसळलेलं ऑइल दातांवर टिकत नाही. नळी लांब करून चासीवर उंच बांधा.

टायरमुळे व्यास ७४९ वरून ८०४ मिमी झाला, म्हणजे तेवढ्याच ओढीसाठी एक्सलवर सुमारे ७ टक्के जास्त टॉर्क. एवढ्याने जोडी फुटत नाही. हवेत फिरणारं चाक जमिनीला टेकताना पाय ॲक्सिलरेटरवर असणं जास्त महागात पडतं.

मुळशीपार:

सगळ्यांचे आभार. गॅरेजवाल्याला क्राऊनचं नाही म्हणून सांगितलं. ब्रीदरची नळी खरंच निसटलेली निघाली. लिफ्टने शाफ्टचा कोन बदलला म्हणून एकाने पिनियन वर उचलायला पाट्याखाली पाचर टाकायला सांगितलीय, टाकू का?

पाटेवाला:

आधी कोन मोजा. साधे दोन क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असलेल्या शाफ्टला पिनियनचा फ्लँज आणि ट्रान्सफर केसचा फ्लँज समांतर लागतात, फरक १ अंशाच्या आत. ब्लॉक सरळ असेल तर समांतरपणा तसाच राहतो, तिथे पाचर टाकलीत तर उलट थरथर येईल. शाफ्टच्या मध्ये आधाराचं सेंटर बेअरिंग असेल तर बहुधा तेच थोडं खाली घ्यावं लागतं. पाचर लागलीच, तर पाटा एक्सलच्या वर असताना जाड बाजू मागे. पण पिनियनचं नाक वर गेलं की पुढच्या बेअरिंगपर्यंत ऑइल कमी पोहोचतं, आणि फिलरचं भोकही फिरतं, त्यामुळे पातळीचा अंदाज चुकतो.

गिअरघर:

ऑइल जीएल-५ प्रतीचं ८०डब्ल्यू-९०, गाडी सपाट उभी करून फिलरच्या खालच्या कडेपर्यंत. पहिल्यांदा १५-२० मिनिटं हळू चालवून अर्धा तास थंड होऊ द्या. पहिले ८०० किमी ओझं नाही, ओढणं नाही, ओढा नाही. ८०० ला ऑइल बदला आणि लोहचुंबक पाहा. राखाडी गाळ असेल तर चालतो, पण चकाकणारे कण दिसले तर परत खोला.